बुजला की बुजवला

"नदीचं प… प…"

"पाणी," अध्यक्षांनी शब्द पुरा केला. "पाणी म्हणायचंय ताईंना. सावकाश बोला ताई, आम्हाला कुठे जायचंय?"

सभागृहात हशा पिकला. रोपवाटिकेवाली माइकसमोर तशीच उभी राहिली. वादसभा सुरू झाल्यापासून हे तिसऱ्यांदा घडत होतं. ती लहानपणापासून अडखळायची, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. परिषदेच्या अध्यक्षपदासाठी ती विद्यमान अध्यक्षांविरुद्ध निवडणूक लढवतेय म्हटल्यावर तिच्या पाठीराख्यांनाही पहिली काळजी हीच वाटली होती.

अध्यक्षांचं तसं नव्हतं. राजकारणात येण्याआधी ते बाजारात लिलाव पुकारायचे. गिऱ्हाइकाचे ओठ हलायच्या आत त्याची बोली यांच्या तोंडून बाहेर पडायची. ती सवय अजून गेली नव्हती. समोरचा अडला की त्यांना राहवत नसे.

सभागृहात मधली वाट सोडून दोन तट बसले होते. डावीकडे शेतकरी, उजवीकडे खालच्या वसाहतीतले लोक. सलग तीन वर्षं पूर आला होता. वसाहतीत खिडक्यांपर्यंत पाणी चढलं होतं आणि वर शेतात उभा मका आडवा झाला होता. शेतकरी म्हणत, ही घरं पाण्याच्या वाटेत बांधलीत. वसाहतवाले म्हणत, हे बांध फोडून पाणी आमच्या अंगावर सोडतात. एकमेकांच्या दुकानात जाणंही बंद झालं होतं.

"दोष कोणाचाच नाही," अध्यक्ष मघाशी म्हणाले होते. "हवामान बदललंय. पूर्वी मधून ओढा वाहायचा, तो गाळानं आपोआप बुजला. आभाळाला का आपण नोटीस पाठवणार आहोत? मला निवडून द्या, वसाहतीभोवती भिंत बांधून देतो."

उजव्या बाजूनं टाळ्या वाजवल्या. डावी बाजू चडफडली. भिंतीनं अडलेलं पाणी कुठे तुंबणार, ते तिला कळत होतं.

पहिल्या रांगेत रोपवाटिकेवालीची नणंद बसली होती. ती वसाहतीत राहायची, आणि तिचं शिलाई मशीन तिन्ही पुरांत बुडून आता कायमचं गंजलं होतं. ती व्यासपीठाजवळ येऊन कुजबुजली, "वहिनी, शेवटच्या फेरीला मी बोलते. तू नुसती शेजारी उभी राहा."

"नको."

"अगं, तो तुझं हसं करतोय."

"करू दे," ती म्हणाली. तिची नजर अध्यक्षांवर होती.

शेवटच्या फेरीत उमेदवारांनी एकमेकांशी थेट बोलायचं होतं. पहिली पाळी तिची होती.

"अध्यक्षसाहेब, तुमची कामं लोक विसरतात," तिनं सुरुवात केली. "शाळेवर तुम्ही प… प…"

"पत्रे घातले," अध्यक्ष म्हणाले. लोक हसले.

"नाक्यापासूनचा रस्ता प… प…"

"पक्का केला." ते खुर्चीत रेलून बसले. नणंदेनं कपाळाला हात लावला. वहिनी विरोधकाचेच गोडवे गात होती.

"तुमच्या भावाचं गोदाम झालं. तिकडे ट्रक न्यायला वाट नव्हती. मग तुम्ही तो ओढा बु… बु…"

"बुजवला," अध्यक्ष म्हणाले.

हसायला उघडलेली तोंडं तशीच राहिली. अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र अजून होतं. आपण काय बोललो, ते त्यांना एवढ्यात उमगलं नव्हतं.

शेतकऱ्यांमधला एक म्हातारा काठी टेकत उठला.

"साहेब, ओढा बुजला की बुजवला?"

"म्हणजे… तसं नाही… तेव्हा जरा माती टाकून फक्त…"

वाक्य अर्ध्यावर राहिलं. ते पुरं करून द्यायला कोणी पुढे आलं नाही.

वसाहतीच्या बाजूनं एक बाई उभी राहिली, मग तिच्या मागची पूर्ण रांग. पण आरडाओरडा झाला नाही. सगळे रोपवाटिकेवालीकडे बघू लागले.

"भिंत नको," ती म्हणाली. "ओढा मोकळा करायचा. घरंही वाचतील, रानंही वाचतील. आणि मी निवडून आले तर हे काम प… प…"

सूत्रसंचालकांचं लक्ष घड्याळाकडे गेलं, पण त्यांनी घंटा वाजवली नाही. सगळं सभागृह थांबलं. कोणी शब्द सुचवला नाही, कोणी खोकलंही नाही.

"पहिल्या महिन्यात," ती म्हणाली.

टाळ्या दोन्ही बाजूंनी वाजल्या.

ती निवडून आली, तीही दणदणीत. गोदामाकडची वाट उकरायला यंत्र आलं, त्या सकाळी शेतकरी आणि वसाहतवाले एकाच काठावर दाटीवाटीनं उभे होते. मका बुडालेला एक शेतकरी वसाहतीतल्या शिक्षकाला ओढ्याचं जुनं वळण दाखवत होता. दुपारी मातीखालून ओल वर आली. मग एक बारीक धार निघाली, थोडी घुटमळली आणि उताराला लागली. लोक तिच्याबरोबर चालत खाली गेले.

नणंद वहिनीला बिलगून उभी होती. तिचे डोळे भरून आले होते.

"नशीब बघ वहिनी," ती म्हणाली. "एवढ्या सगळ्या शब्दांमध्ये नेमकी त्याच शब्दाला अडलीस."

वहिनीनं पदरानं कपाळावरचा घाम टिपला.

"माझं अडतं ते प… प… ‘प’ला," ती म्हणाली. "‘ब’ला मी आयुष्यात कधी अडखळले नाही."