लांब प्रार्थना

जिना चढता चढताच चर्चचे पाळक गजेंद्र यांनी फोन कानाला लावला. पलीकडे त्यांची बायको धनश्री होती.

“आज तरी घरी येऊन थोडं पडा. काल घास हातात धरून झोपलात तुम्ही.”

“आज संध्याकाळची कामरेजची सभा होऊ दे एकदा. मग झोपायचंच आहे,” म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला.

त्या सभेने त्यांना झपाटलं होतं. हायवेलगतचं मैदान, मंडप, मोठा पडदा, बाहेरून येणारे नावाजलेले प्रचारक आणि व्यासपीठावर त्यांच्या शेजारची खुर्ची गजेंद्र यांची. शहराबाहेर कामरेजला मोठी नवी मंडळी, म्हणजे चर्च, उभी राहणार होती आणि तिचा पाळक कोण, हे त्या खुर्चीवरून ठरणार असं सगळेच बोलत होते. म्हणून तर रविवारी दोन उपासना, आठवडाभर घरभेटी, नाताळ तोंडावर आला म्हणून रात्री गायनफेऱ्या आणि वर सभेची धावपळ. एक ना धड, भाराभर चिंध्या. जरा दमानं घ्या असं कुणी म्हटलं, तर ते म्हणत, “प्रभूचं काम आहे.” ते खोटं नव्हतं. पण स्वप्नात खुर्ची येत होती, हेही खोटं नव्हतं.

कोसाडच्या सरकारी आवास वसाहतीतली ही घरभेट त्यांनी याआधी दोनदा पुढे ढकलली होती. आजही ती वाटेवर पडते म्हणूनच झाली. दार उघडंच होतं. आत खाटेवर सुभद्राबाई. आयुष्यभर साड्यांना टिकल्या लावलेली बाई आता पांघरुणाखाली दिसतही नव्हती. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. शेजारी तिचा नवरा हिलाल, कापडाच्या लूमच्या खडखडाटाने अर्धा बहिरा झालेला म्हातारा.

“उनात साहेब? बरं झायं. सकायपासून ती तुमनी वाट देखी ऱ्हायनी,” हिलाल म्हणाला. “आज घाई करू नका. तिले तुमनी लांब प्रार्थना आवडस.”

सुभद्राबाईंनी डोळे उघडले. साहेबांना पाहून हसल्यासारखं केलं. गजेंद्र यांना एकदम लाज वाटली. गेल्या महिन्यात यायला हवं होतं, हे त्यांना कळलं. आणि त्याच क्षणी हेही मनात आलं, की पाचच्या आत निघालं नाही तर कामरेजला जाताना वराछाच्या रस्त्यावर अडकून पडू.

ते खाटेपाशी गुडघे टेकून बसले. कपाळ खाटेच्या कडेला टेकवलं. हिलालने बायकोचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटले. ही शिस्त गजेंद्र यांनीच मंडळीला लावली होती. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी जाऊ द्या, पण आमेनच्या आधी डोळे उघडायचे नाहीत. देवासमोर उभं राहून इकडे तिकडे काय बघता, असं ते भर उपासनेत खडसावत.

“हे दयाळू पित्या,” त्यांनी सुरुवात केली.

शब्द आपोआप येत गेले. इतक्या वर्षांची सवय. तोंड प्रार्थना करत होतं आणि मन कामरेजला खुर्च्या मोजत होतं. माईकवाला पोचला असेल का? प्रचारकांना घ्यायला गाडी गेली असेल का? मग प्रार्थनेत ते थांबले. असं मध्येच थांबणं ही त्यांची खासियत होती. साहेब गप्प झाले की देव बोलतो, असं मंडळीतली माणसं कौतुकाने सांगत.

देव काय बोलला असता कोण जाणे. गजेंद्र झोपले होते.

बऱ्याच वेळाने खिशातला फोन थरथरला आणि ते दचकून जागे झाले. भिंतीवरचं ऊन गेलं होतं. खोलीत अंधारून आलं होतं. फोनच्या पडद्यावर कामरेजहून येऊन गेलेल्या फोनांची ही रांग लागलेली. शेवटी निरोप होता : कार्यक्रम सुरू केला आहे, तुमच्या जागी दुसऱ्यांना बसवलं आहे.

इतकी वर्षं राबलो आणि एका डुलकीने घात केला! स्वतःचा राग आला, या खोलीचा आला, खरं सांगायचं तर त्या बिचाऱ्या म्हातारीचासुद्धा आला. निदान शेवट तरी गाठता येईल म्हणून ते धडपडत उठले. मुंग्या आलेला पाय झटकला. बायबलची पिशवी खांद्याला लावली. दोघं गाढ झोपली आहेत, हळूच निघून जावं, असं त्यांना वाटलं.

पण हिलाल झोपला नव्हता. तो ताठ बसला होता. बायकोचा हात अजून त्याच्या हातांत होता. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी दाढीत उतरत होतं आणि ते पुसायलाही त्याने हात सोडवला नव्हता.

“हिलालभाऊ,” गजेंद्र मोठ्याने म्हणाले, “काय झालं?”

हिलालने आवाजाच्या दिशेने मान वळवली. डोळे तसेच घट्ट मिटलेले.

“साहेब, आते तरी आमेन म्हना. तिना हात मघाशीच सैल पडी गया. पन तुमनी प्रार्थना चालू व्हती, मी डोया कशा उघाडू?”