बेडकांच्या पुस्तकातलं हसू

“नर बेडूक रात्रभर गळा फुगवून गातो पूर्णविराम मादी येते स्वल्पविराम मन लावून ऐकते आणि शेजारच्या डबक्यात निघून जाते...” पुढचा पूर्णविराम शलाकाच्या तोंडून बाहेर पडलाच नाही. ती फिस्सकन हसली आणि मग थांबेचना.

विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात प्रुफं अजून अशीच तपासायचे. एकाने विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ हस्तलिखिताशी ताडून बघायचं. बाबांचा जोडीदार आजारी, म्हणून सुट्टीतली शलाका त्याच्या खुर्चीत ऐटीत बसली होती. याच हसण्यापायी शाळेत ती कितीदा वर्गाबाहेर उभी राहिली होती!

“हळू गं बाई!” बाबा कुजबुजले. “पलीकडे संपादकांपुढे लेखिका कुलथेबाई बसल्यात. नेमकं हेच वाक्य काढा म्हणतायत ते. विद्यापीठाच्या पुस्तकात थट्टा शोभत नाही म्हणे.”

तेवढ्यात दार उघडलंच. पांढऱ्या केसांच्या कुलथेबाई, आणि मागे कपाळाला आठ्या घातलेले संपादक. आता आपली धडगत नाही! शलाकाने जीभ चावली.

“कुठे हसलीस गं?” बाईंनी विचारलं.

“शेजारच्या डबक्यापाशी.”

बाई संपादकांकडे वळल्या. “जन्म गेला माझा तुमच्याकडे पुस्तकं छापून घेण्यात. कुणी वाचताना हसलेलं आज पहिल्यांदा ऐकलं हो!”

संपादकांनी आठ्या टिकवायची शिकस्त केली, पण ओठांनी दगा दिला. “बरं, राहू दे ते वाक्य.”

“वाच गं पुढे,” बाई म्हणाल्या, “अशीच खणखणीत.”

शलाकाने पाठ ताठ केली. “पूर्णविराम!”