टोपीवरचा गोंडा

"गोंडा लाल नाही, काळा हवा," भिंग खाली ठेवत सबनीस म्हणाले आणि तो पेराएवढा स्कॉटिश शिपाई तिसऱ्यांदा माझ्या हातात परत आला.

इंग्रज-मराठ्यांची असईची लढाई टेबलावर मांडून खेळायची, म्हणून सबनीसांच्या क्लबाची दोन्ही खेळण्यातली सैन्यं मी रंगवत होते. इंग्रजांकडून लढलेल्या या स्कॉटिश पलटणीच्या टोपीवरून चार शहाणी माणसं महिनाभर भांडत होती. पिसं होती की नव्हती, पट्टी चौकडीची की साधी. त्यांचं एकमत होईपर्यंत माझे डोळे जायची वेळ आली.

"बरं, करते काळा," मी म्हटलं. "आणि मराठ्यांच्या पागोट्यांचं काय? सगळी एकाच साच्यातली आहेत. इतकी एकसारखी कोणी बांधतं का?"

"त्यांचं चालतं हो. तोफांवरची माणसं ती, पहिल्याच डावात मेली म्हणून टेबलावरून उचलायचीत."

माझं माहेर असईच्या शेजारचं.

मी काळ्या रंगाच्या बाटलीला झाकण लावलं, तोफेजवळचा पहिला माणूस उचलला आणि चिमूटभर पुट्टी मळायला घेतली. माझ्या आजोबांचं पागोटं जरा डावीकडे कललेलं असायचं.