रिकाम्या बाजूचा श्वास

काच फुंकून दिवे घडवणाऱ्या त्या कारागिराचं डावं फुप्फुस काढून टाकल्याला तीन वर्षं झाली होती. दर तपासणीला बायको सोबत यायची. डॉक्टरीणबाई दोन्ही बाजू ऐकायच्या. उजवीकडे श्वासाची सळसळ, डावीकडे शुकशुकाट.

त्या सकाळी डावीकडे श्वास ऐकू आला.

उजवीकडचाच आवाज इकडे येत असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. "जरा श्वास रोखून धरा," त्या म्हणाल्या.

कारागिराने ओठ मिटले. उजवी बाजू थांबली. डावीकडचा श्वास मात्र गाढ झोपलेल्या माणसासारखा संथ चालूच राहिला.

त्यांनी पंखा बंद केला, स्टेथोस्कोप बदलला. आवाज होता तिथेच होता.

"ठीक आहे ना सगळं?" बायकोने विचारलं. "हे म्हणतात, डाव्या कुशीवर वळलं की अंगाखाली कोणीतरी दबल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, मनाचे खेळ आहेत."

डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप पुन्हा डावीकडे टेकवला. "श्वास सोडा, आणि पुन्हा एकदा रोखा."

कदाचित आपलाच श्वास आपल्याला ऐकू येत असेल, या आशेने या खेपेला त्यांनीही स्वतःचा श्वास रोखला. डावीकडचा आवाज तत्क्षणी थांबला, आणि त्यांच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात तो पुन्हा सुरू झाला. त्यांनी अजून श्वास घेतला नव्हता, तरी त्यांची छाती त्याच्याबरोबर हळूहळू फुगत गेली, आणि डावीकडचा श्वास सुटेपर्यंत खाली येईना.