उभा दावा

रोज दुपारी थोरल्या जाऊबाई आणि मी अडगळीच्या खोलीत शिरून आतून कडी लावायचो. त्या पत्र्याचे डबे उलटे घालून बडवायच्या, मी गिटार छेडत घसा फाडून गायचे. शेजारचे धावत आले की सासूबाई त्यांना दारातूनच परतवायच्या, "जावा-जावा, उभा दावा! कुणी मध्ये पडू नका." सासूबाईंना ते भांडण वाटतंय म्हणून आम्ही हसून लोटपोट. आमच्या बँडचं नावही तेच ठेवलं, 'उभा दावा'.

फोनवर टाकलेली आमची गाणी बघता बघता पसरली. आज पहिलाच मोठा कार्यक्रम. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे जातोय. दोन गाण्यांतच सगळा हॉल नाचायला लागला! आता खरेखुरे ड्रम होते. तिसऱ्या गाण्यासाठी जाऊबाईंनी काठ्या उचलल्या, तोच पहिल्या रांगेत कुणीतरी खुर्चीवर चढलं. सासूबाई!

मी गिटार पाठीमागे लपवू लागले.

"अगं धाकटे," त्या ओरडल्या, "या भांडणात तू दरवेळी घाई करतेस. आज थोरलीचे चार ठोके होऊ दे, मग तोंड उघड!"