बंद दिव्यातला उजेड

"बंद केला तरी बल्ब पेटलेलाच राहतो," बाबा म्हणाले. "मला भास होतोय की खरंच तसं आहे, तेवढं बघा. घरात अजून कुणाला बोललो नाही."

वायरमननं पिशवी टेकवली. गेल्याच आठवड्यात त्यानं इथे आवाजावर चालणारे स्विच बसवले होते. सूनबाईंचाच हट्ट होता. बाबा तिन्हीसांजेला तसेच अंधारात बसून राहतात आणि कामावरून आलं की आपण दचकतो, असं त्यांचं गाऱ्हाणं होतं.

"आणि भास असला तर?"

"तर गप्प बसेन. म्हातारा चळला असं कशाला म्हणवून घेऊ?" बाबा हसले.

वायरमननं शिडी उभी केली. पाणी आणायला उठलेले बाबा थेट तिच्यावरच आदळले.

"वाटेत काय ठेवता हो!" ते करवादले.

म्हातारा भलताच तिरसट आहे, असं मनात म्हणत त्यानं शिडी बाजूला घेतली. जाड पडदे ओढले, दार लावलं.

"दिवा बंद," बाबा म्हणाले.

मिट्ट काळोख झाला. उन्हातून आलेल्या वायरमनला स्वतःचा हातही दिसेना. "काहीच नाही, बाबा."

"नीट बघा हो. वर, पंख्याच्या बाजूला."

डोळे हळूहळू सरावले. काचेच्या आत, राखेखालच्या निखाऱ्यासारखं काहीतरी जागं होतं. वायरमनच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर बल्ब लावले, पण असं थांबून एकाकडेही पाहिलं नव्हतं.

"आहे," तो हळूच म्हणाला. "खरंच आहे."

बाबांनी कितीतरी वेळ कोंडलेला श्वास सोडला.

"तुमच्या बोर्डात न्यूट्रल वायरच नाही, म्हणजे करंट परत जायची तार," वायरमननं समजावलं. "स्विचला जागं राहायला थेंबभर करंट लागतो, तो बल्बमधूनच जातो. वर बल्बजवळ छोटा कपॅसिटर लावला की तो करंट त्यातून जाईल आणि हा उजेड थांबेल."

"सासू-सुनेच्या मधे मी होतो की न्यूट्रल!" बाबा हसता हसता रडायलाच लागले. "राहू द्या. काही लावू नका."

तेवढ्यात सूनबाई आल्या. "दिवा चालू," म्हणत त्या दारातच थबकल्या. "काय झालं? बाबा का रडतायत?"

"काही नाही, बल्ब बंद असूनही मंद जळतोय," वायरमन म्हणाला. "बाबांना दिसला, म्हणून कळलं. मला तर आधी दिसतही नव्हता."

सूनबाईंच्या हातातली पिशवी गळून पडली.

"दादा," त्या कशाबशा म्हणाल्या, "मी या घरात यायच्या आधीच बाबांची नजर गेली. त्यांनी अजून माझा चेहरासुद्धा पाहिलेला नाही."