भेगेवरची काच

शहर पायी बघत फिरताना आत्या आणि भाची जुन्या मनोऱ्याच्या अर्ध्या जिन्यापर्यंत आल्या, तेव्हा भिंतीतली भेग बघून भाची जागीच थांबली. पण भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवलेली होती. भेग वाढली की अशी पट्टी तडकते, हे ती कॉलेजात शिकली होती. पट्टी तर धड होती.

"चल गं घाबरट, तुझ्या वजनाने नाही पडायचा!" आत्या म्हणाली.

अगदी वर पोहोचल्यावर कठडा घट्ट धरून भाचीने तिथे बसलेल्या रखवालदाराला विचारलं, "काका, खालची काच धड आहे, म्हणजे भेग वाढत नाही ना?"

 

"तडकलेली काच दिसली की लोक घाबरतात, ताई. म्हणून आम्ही रोज सकाळी नवी बसवतो."